तारपा, खावटी आणि एक समीकरण

दिवाळी अंकात गणिताचा विषय काढणे म्हणजे फराळाच्या ताटात एरंडेलाची वाटी ठेवणे होय, असे आमच्या घरातल्या मंडळींचे एकमुखी मत पडले. वर्षभर या सदरात प्रवास, माणसे, गावगप्पा असे काहीबाही मी लिहीत असतो. निदान सणासुदीला तरी वाचकांना शाळेच्या बाकावर नेऊन बसवू नये, असा त्या मताचा आशय. पण यंदा माझा नाइलाज आहे. गेल्या वर्षी वाघबारशीच्या सुमारास चार दिवस जव्हार-मोखाड्याच्या बाजूला राहिलो आणि येताना एक समीकरण डोक्यात घेऊन आलो. ते काही केल्या जात नाही. तेव्हा म्हटले, वाचकांनाच त्यात वाटेकरी करून घ्यावे. वाचताना पेन्सिल लागणार नाही, एवढे वचन देतो. चकली मात्र हाताशी असू द्या. तिचा पुढे उपयोग आहे.

समीकरण एवढेसे आहे. 'ई' नावाची एक संख्या घ्यायची. तिच्या डोक्यावर 'आय गुणिले पाय' हा घात चढवायचा. येईल त्यात एक मिळवायचा. उत्तर शून्य.

हे घरात वाचून दाखवले तेव्हा आमच्या वहिनी पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "आय बघितल्यावाचून पाय पसरले, की शिल्लक शून्यच राहायची!" मला वाटते, इतके चटपटीत भाष्य मोठमोठ्या गणितज्ञांनीही केले नसेल.

विनोदाचा भाग सोडा. 'मॅथेमॅटिकल इंटेलिजन्सर' या नियतकालिकाने १९८८ साली आपल्या वाचकांपुढे काही प्रमेये ठेवून त्यांना सौंदर्याचे गुण द्यायला सांगितले. १९९० साली निकाल छापून आला, त्यात पहिला क्रमांक या समीकरणाचा. पुढे २०१४ साली लंडनमधल्या शास्त्रज्ञांनी १५ गणितज्ञांना ६० सूत्रे दाखवून त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. चांगले गाणे ऐकताना किंवा चित्र पाहताना मेंदूचा जो भाग जागा होतो, तोच सुंदर सूत्र पाहतानाही जागा झाला. तिथेही पहिला मान याच सूत्राला मिळाला. आणि सर्वांत कुरूप कोणते ठरले म्हणता? आपल्या रामानुजनांची एक अनंत श्रेढी! सौंदर्यस्पर्धांचे निकाल मनाला लावून घेऊ नयेत, हे खरे.

या नात्याचे श्रेय ज्यांना देतात ते लेओनार्ड ऑयलर १७०७ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल गावी जन्मले. ज्या सर्वसाधारण नियमातून हे समीकरण निघते तो त्यांच्या १७४८ सालच्या ग्रंथात आहे. एक डोळा ऐन उमेदीत गेला, उतारवयात दुसराही गेला. तरी १७८३ साली डोळे मिटेपर्यंत हा माणूस मनात आकडेमोड करून दुसऱ्यांकडून लिहवून घेत राहिला.

पण या बाझेलच्या पाहुण्याचा मोखाड्याच्या डोंगरांशी संबंध काय? तो मला तिथल्या एका निवृत्त गणितशिक्षकांनी लावून दिला. आयुष्याची बरीच वर्षे त्यांनी त्या भागातल्या आश्रमशाळांत काढली. सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात, मीही तेच म्हणतो. जव्हार म्हणजे मुकणे राजांचे जुने संस्थान, ते १९४८ साली विलीन झाले. समुद्रापासून सुमारे दीड हजार फूट उंचीवरचे हवेशीर गाव. शेजारी मोखाडा, त्याच्या वरच्या अंगाला त्र्यंबकेश्वरचा डोंगर. पूर्वी हा सारा ठाणे जिल्हा, २०१४ पासून पालघर. उतारावर नागली आणि वरई, सखल खाचरात भात. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशी वस्ती.

"एक, शून्य, पाय, ई आणि आय," गुरुजी ओटीवर बसून म्हणाले, "पाचही जण या डोंगरातच राहतात. चला, एकेकाच्या घरी नेतो तुम्हांला."

पहिले घर 'ई'चे, आणि ते निघाले सावकाराचे. शेजारचे एक वृद्ध शेतकरी येऊन बसले होते. त्यांच्या वडिलांच्या काळची खावटीची हकीकत त्यांनी सांगितली. आषाढ-श्रावणात कणगीचा तळ दिसू लागला, की सावकाराच्या दारी जायचे. तो खाण्यापुरते भात देई, आणि कापणीला ते दिढीने नाहीतर दुपटीने परत घेई. फेडून झाले, की कणगी पुन्हा रिकामी. पुढल्या आषाढात पुन्हा तेच दार.

"आता हिशेब पाहा," गुरुजी म्हणाले. "एक मण भात दिले, वर्षाने दोन मण घ्यायचे. सावकाराला वाटले, व्याज सहा-सहा महिन्यांनी मुद्दलात मिळवावे. मग सहा महिन्यांनी झाले दीड मण, आणि त्या दिडाचे दीडपट म्हणजे सव्वादोन. लोभ वाढला, तीन-तीन महिन्यांनी मिळवू लागला, तर दोन मण पावणेअठरा शेर. दर महिन्याला मिळवले, तर दोन मण साडेचोवीस शेर. रोजच्या रोज वही उघडली, तर दोन मण साडेअठ्ठावीस शेर. आणि झोप सोडून क्षणाक्षणाला मिळवू लागला, तर किती होईल?"

मी म्हटले, "डोंगराएवढे होईल."

"नाही! दोन मण पावणेएकोणतीस शेरांच्या आतच राहील. पावणेतीन मणांना सव्वा शेर कमीच. काही केले तरी काटा त्यापुढे सरकत नाही. ती मर्यादा म्हणजे ई. २.७१८२८ आणि पुढे न संपणारे आकडे."

१६८३ साली याकोब बर्नोली या बाझेलच्याच गणितज्ञापुढे ही संख्या आली, तीही चक्रवाढ व्याजाचाच विचार करताना. तिला 'ई' हे अक्षर दिले ऑयलरने. गणिताने लोभालासुद्धा वरची एक मर्यादा आखून दिली आहे, हे ऐकून मला मोठी गंमत वाटली. पण ते वृद्ध गृहस्थ हसले नाहीत. सावकाराच्या वहीला अशी मर्यादा नव्हती. तिथे आकडा त्याचा आणि अंगठा यांचा. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने वर्षानुवर्षे मालकाकडे राबायचे, त्यांना लग्नगडी म्हणत. या सावकारी आणि वेठीविरुद्ध १९४५ साली तलासरीजवळ झरी येथे वारली मोठ्या संख्येने जमले आणि उंबरगाव-डहाणूकडे लढा पेटला. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० सालच्या पुस्तकात तो सगळा लिहून ठेवला आहे.

एक आणि शून्य यांची घरे त्याच आळीत आहेत. एकापासून सगळी मोजदाद सुरू होते, आणि शून्य म्हणजे मोजण्यासारखे काही न उरणे. पण या दोघांच्या पलीकडे आणखी एक बिऱ्हाड आहे. शून्याहून कमी असलेल्या संख्येला इंग्रजीत 'निगेटिव्ह' म्हणतात, म्हणजे नकाराची. आपण तिला म्हणतो ऋण. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली शून्य, धन आणि ऋण यांचे नियम सांगितले, ते सरळ देण्याघेण्याच्या भाषेत. जवळ आहे ते धन, देणे आहे ते ऋण. धन आणि तेवढेच ऋण यांची बेरीज शून्य. रिकाम्या कणगीला शून्य म्हणावे हे कुणालाही सुचेल. पण रिकाम्या कणगीच्या खालीही एक मजला असतो, आणि त्याचीही रीतसर मोजदाद करता येते, हे सुचायला ब्रह्मगुप्त लागला.

तिसरे घर पायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी मला एका खळ्यावर नेले. मधोमध मेढ रोवलेली होती. पूर्वी मळणीचे बैल तिच्याभोवती फिरत. गुरुजींनी मेढीला एक दोर बांधला, तो ताणून धरून मला गोल चालायला लावले आणि चुन्याने वर्तुळ आखून घेतले. मग तोच दोर त्या रेघेवर आडवा घालत घालत आम्ही अर्धे वर्तुळ मोजले. तीन दोर पुरते भरले, आणि वर दोराच्या सातव्या हिश्शाहून किंचित कमी.

"हा पाय," गुरुजी म्हणाले. "दोर लहान घ्या, मोठा घ्या, अर्ध्या फेऱ्याला तीन दोर आणि वर एवढेसे लागणारच."

आपल्या भास्कराचार्यांनी 'लीलावती'त याचे दोन हिशेब दिले आहेत. ढोबळ पाहिजे तर व्यासाला २२ने गुणून ७ने भागा. सूक्ष्म पाहिजे तर ३९२७ने गुणून १२५०ने भागा. दुसऱ्याने ३.१४१६ येतात. अचूक आकडा लिहून संपणारच नाही, हे लाम्बर्ट यांनी अठराव्या शतकात सिद्ध केले.

उरला आय, सर्वांत अवघड पाहुणा. शाळेत आपल्याला शिकवलेले असते, की धनाचा वर्ग धन आणि ऋणाचाही वर्ग धनच. मग ज्या संख्येचा वर्ग ऋण एक येतो अशी संख्या कोणती? भास्कराचार्यांनी स्पष्ट सांगून टाकले, की ऋणाला वर्गमूळ नसते, कारण ऋण हा कशाचा वर्गच नाही. पुढे सोळाव्या शतकात इटलीतल्या गणितज्ञांना घन समीकरणे सोडवताना अशा संख्या वाटेत भेटू लागल्या. त्यांनी त्या नाइलाजाने वापरल्या, पण पाहुण्याला ओटीवरच बसवावे तशा. 'काल्पनिक संख्या' हे नाव अजून त्यांना चिकटून आहे.

गुरुजींनी खळ्यातच त्याचा उलगडा केला. मेढ म्हणजे शून्य. दोर ताणून पूर्वेला धरला तर त्याचे टोक धन एक. पश्चिमेला धरला तर ऋण एक. तेव्हा 'ऋण एकाने गुणणे' म्हणजे दोर अर्धा फेरा फिरवणे. ऋणाला ऋणाने गुणले की धन का, याचे कोडेही इथेच सुटते. अर्धा फेरा दोनदा घेतला, की माणूस परत पूर्वेला.

"आता मला सांगा," गुरुजी म्हणाले, "असे काय करावे, की ते दोनदा केल्यावर अर्धा फेरा होईल?"

तिथे त्यांची एक विद्यार्थिनी उभी होती. नववीतली, आश्रमशाळेतून दिवाळीच्या सुटीला घरी आलेली. ती चटकन म्हणाली, "पाव फेरा."

तोच आय! पूर्वेचा दोर डावीकडे काटकोनात वळवून उत्तरेला धरा, त्याचे टोक म्हणजे आय. आणखी एकदा तसेच वळवा, आलो पश्चिमेला, ऋण एकावर. भास्कराचार्यांचेही चुकले नव्हते. पूर्व-पश्चिम रेघेवर तशी संख्या खरोखरच नाही. ती रेघ सोडून खळ्यात उतरावे लागते. हे चित्र ऑयलरलाही ठाऊक नव्हते. ते १७९७ साली कास्पर वेसेल नावाच्या माणसाने मांडले, आणि त्याचा धंदा जमीन मोजण्याचा होता.

मुलीने विचारले, "गुरुजी, आणि चार वेळा वळलं तर?"

"तूच सांग."

तिने हात लांब करून स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि म्हणाली, "परत एकच." काल्पनिक संख्येची भीती घालवायला त्या पोरीला अर्धे मिनिट पुरले. मला कॉलेजात दोन वर्षे लागली होती.

त्या रात्री पाड्यावर तारपा वाजला. लांबोडका दुधी भोपळा, त्याला बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानाचा कर्णा. वाजवणारा मध्ये, आणि एकमेकांच्या कमरेला हात घालून पोरी-पोरे त्याच्याभोवती फिरतात. वारली चित्रांत हा नाच आपण पुष्कळदा पाहिलेला असतो. गुरुजी माझ्या कानाशी लागले. "पाचही जण एकत्र आले बघा."

मी थोडक्यात सांगतो. तारपावाला म्हणजे मेढ. नाचणाऱ्याचे त्याच्यापासूनचे अंतर एक दोर. सावकाराच्या वहीत जे होते त्याचीच वाढ त्याच दिशेने होत गेली, म्हणून धान्य लांब लांब सरकत गेले. तो नुसत्या ईचा खेळ. पण घातात आय आला, की वाढीची दिशाच काटकोनात वळते. मग प्रत्येक पाऊल दोराच्या आडवे पडते. पुढे नाही, मागे नाही, बाजूला. असे सतत आडवे पाऊल टाकणारा माणूस मेढीपासून लांब जात नाही की जवळ येत नाही. तो गोल फिरतो.

क्षणाक्षणाच्या हिशेबाची अट मात्र इथेही आहे. अर्ध्या फेऱ्याचे अंतर दहाच ढांगांत, दर वेळी नेमके काटकोनात पाऊल टाकून चाललात, तर शेवटी दीडपटीहून लांब फेकले जाल. शंभर पावलांत चाललात, तर शेकडा पाचाने लांब. हजारांत, तर अर्ध्या टक्क्याने. पाऊल मोठे असेल तर नाचाची चकली होते, हातातली पाहा म्हणजे पटेल. पाऊल लहान लहान करत नेले, की चकलीचे कडे होते. व्याजाच्या वहीत ज्या ईने लोभाला आवर घातला, तोच इथे नाचणाऱ्याला वर्तुळावर ठेवतो.

आता चालायचे किती? पाय इतके, म्हणजे तीन दोर आणि वर थोडे. ते तर आपण सकाळीच मोजले आहे, तो अर्धा फेरा. पूर्वेला धन एकावरून निघालेला नाचणारा बरोबर समोर, पश्चिमेला, ऋण एकावर येऊन उभा राहतो. ईच्या डोक्यावर आय-पाय म्हणजे ऋण एक. आणि ऋण एकात एक धन मिळवले की शून्य, हे तर ब्रह्मगुप्ताने सांगूनच ठेवले आहे.

एवढेच ते समीकरण. सावकाराच्या व्याजातून निघालेली एक संख्या, खळ्याच्या फेऱ्यातून निघालेली दुसरी, अशक्य म्हणून हाकललेली तिसरी. या तिघींनी एकमेकींची तोंडेही पाहिली नव्हती, आणि त्या एकत्र आल्यावर सगळे शेपूटवाले आकडे गळून पडून साधा ऋण एक उरतो. गणितज्ञ याला सुंदर म्हणतात ते उगीच नव्हे.

शिवाय ही नुसती शोभेची वस्तू नाही. वर्तुळाएवढ्या क्षेत्रफळाचा चौरस नुसत्या कंपास-पट्टीने काढता येईल का, हा प्रश्न दोन हजार वर्षांहून अधिक काळ पडून होता. येणार नाही, हे १८८२ साली लिंडेमान यांनी सिद्ध केले, ते याच समीकरणाच्या आधारे. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते. तिचे हिशेब आयच्या मदतीने सोपे करण्याची रीत स्टाइनमेट्झ यांनी १८९३ साली मांडली. म्हणजे तुमच्या खिडकीतल्या आकाशकंदिलापर्यंत हा काल्पनिक पाहुणा येऊन पोहोचलाच आहे.

निघायच्या दिवशी त्या मुलीने मला आपली वही दाखवली. त्या भागात दिवाळी झाली, की घरेच्या घरे खाली वीटभट्ट्यांवर कामाला जातात. जाण्याआधी मालकाकडून आगाऊ रक्कम उचललेली असते, आणि ती विटा पाडून फेडायची. तिचे आईवडीलही जातात. वडिलांना लिहिता येत नाही. भट्टीवरच्या झोपडीच्या कुडावर ते दर हजार विटांमागे कोळशाची एक रेघ ओढतात. उन्हाळ्याच्या सुटीत ती तिथे गेली तेव्हा तिने त्या सगळ्या रेघा वहीत उतरवून घेतल्या. एका बाजूला उचल, बाजारहाटाचे पैसे, औषधपाणी, असे सारे ऋण. दुसऱ्या बाजूला रेघांचे धन. हंगाम संपताना मुनीम म्हणाला, "तुमच्याकडे अजून फिरतंय, पुढल्या साली यावं लागेल." तेव्हा ती पुढे झाली आणि तिने आठवड्या-आठवड्याचे आकडे वाचून दाखवले. मुनिमाने आपली वही आणली. दोन वह्या शेजारी ठेवून बेरीज पुन्हा झाली. संध्याकाळपर्यंत चालले होते, असे ती म्हणाली.

या वर्षीही आईवडील जाणारच होते. पण मागची बाकी फेडायला नव्हे, आपल्या मजुरीला. आणि ती स्वतः दहावीला बसणार होती. ऋणाला काल्पनिक म्हणण्याची चैन तिच्या घराला कधीच परवडणारी नव्हती. पण पलीकडच्या टोकाला उभ्या माणसाला शून्यापर्यंत परत यायला फक्त एक धन लागते, हे ती ऑयलरच्या आधीच शिकली होती.

येत्या लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे लाल वह्यांना हळदकुंकू वाहिले जाईल. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ती चाळीस पानी शाळकरी वही असेल. तिच्या शेवटच्या पानावर, दोन रकान्यांच्या खाली रेघ मारून तिने लिहिले होते: बाकी ०. आणि ते शून्य दोनदा गिरवले होते.